विश्लेषण : ‘सी ड्राइव्ह’च्या आधी काय होते? गॅरी किल्डाल यांना विमानाचा किस्सा का चिकटला?

विंडोजच्या संगणकावर फाइल शोधायची तर आधी ‘सी ड्राइव्ह’ उघडावी लागते. मग ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेल्या? ती दोन अक्षरे फ्लॉपीसाठी होती. छोट्या संगणकांवर ड्राइव्हला अक्षर देण्याची ही रीत मायक्रोसॉफ्टने आणलेली नाही. ती गॅरी किल्डाल यांच्या ‘सीपी/एम’ या ऑपरेटिंग सिस्टीममधून आली आणि किल्डाल यांनी ती आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरून उचलली होती.

किल्डाल यांचे नाव निघाले की मात्र एकच किस्सा सांगितला जातो. आयबीएमची माणसे दारात आली तेव्हा हे महाशय विमान उडवत होते आणि संधी बिल गेट्स यांच्याकडे गेली. किस्सा चटकदार आहे, पण अर्धा आहे.

कोण होते किल्डाल?

जन्म १९४२चा, अमेरिकेतील सिएटलचा. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. वॉशिंग्टन विद्यापीठातील संगणकशास्त्राची डॉक्टरेट पूर्ण होण्याआधीच ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवू लागले. इंटेलने १९७१ मध्ये ‘४००४’ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला, तो ट्रॅफिक सिग्नल किंवा कॅलक्युलेटरसारख्या यंत्रांसाठी आहे, अशीच तेव्हाची समजूत होती. किल्डाल यांना त्यात पूर्ण संगणक दिसला. इंटेलसाठी त्यांनी ‘पीएल/एम’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली आणि १९७४ मध्ये फ्लॉपीवरून चालणारी सीपी/एम लिहिली. इंटेलला भाषा हवी होती, ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फारसा रस नव्हता. मग पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी स्वतःची कंपनी काढली. तिचे नाव पुढे डिजिटल रिसर्च झाले.

त्यांचे खरे काम कोणते?

त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाला फ्लॉपी, कीबोर्ड, पडदा जोडण्याची पद्धत निराळी असे. नवे यंत्र आले की सीपी/एम त्यासाठी पुन्हा दुरुस्त करत बसावी लागे. इमसाई या संगणक बनवणाऱ्या कंपनीसाठी काम करताना किल्डाल या कटकटीला वैतागले आणि त्यांनी सिस्टीमचे सरळ दोन भाग केले. यंत्राशी थेट बोलणारा सगळा कोड एका छोट्या तुकड्यात बाजूला काढला. त्याला नाव दिले ‘बायोस’. उरलेली सीपी/एम कुठल्याही यंत्रावर तशीच चालणार. नव्या संगणकासाठी फक्त हा तुकडा नव्याने लिहायचा.

यातून जे घडले ते मोठे होते. इंटेलचा ‘८०८०’ किंवा त्याला जुळणारा झायलॉगचा ‘झेड८०’ प्रोसेसर असलेल्या शेकडो प्रकारच्या संगणकांवर सीपी/एम चालू लागली. यंत्र कुणाचेही असो, प्रोग्रॅम तोच, अशी बाजारपेठ पहिल्यांदा उभी राहिली. आपल्याकडे संगणकाच्या क्लासमध्ये वर्डस्टार आणि डीबेस शिकलेली पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. ही दोन्ही सॉफ्टवेअर्स आधी सीपी/एमवरच वाढली. विमानाच्या किश्शात यातले काहीच येत नाही.

१९८० मध्ये नेमके काय घडले?

आयबीएमला आपल्या नव्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. गेट्स यांनीच त्यांना किल्डाल यांच्याकडे धाडले. त्या दिवशी किल्डाल स्वतःच्या विमानाने एका ग्राहकाकडे गेले होते. ती मौजेची सफर नव्हती, आधी ठरलेली कामाची भेट होती. आयबीएमने गुप्ततेचा एकतर्फी करार पुढे केला आणि वकिलाच्या सल्ल्याने डोरोथी यांनी सही केली नाही. त्याच दिवशी नंतर काय बोलणे झाले याबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळे सांगत राहिल्या. शिवाय पैशाचाही प्रश्न होता. आयबीएमला एकरकमी व्यवहार हवा होता, किल्डाल यांना प्रतीमागे मोबदला.

आयबीएम पुन्हा गेट्स यांच्याकडे वळली. मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून टिम पॅटरसन यांनी लिहिलेली सिस्टीम घेतली. सीपी/एमचे प्रोग्रॅम तिच्यावर सहज आणता यावेत म्हणून ती मुद्दामच त्या वळणावर बांधलेली होती. सॉफ्टवेअरचा कॉपीराइट हा विषय कायद्यात नुकता कुठे रुजत होता. किल्डाल यांनी तक्रार केल्यावर आयबीएमने त्यांचीही सिस्टीम विकण्याचे मान्य केले, पण १९८१च्या पीसीसोबत मायक्रोसॉफ्टची डॉस ४० डॉलरला मिळत होती आणि काही महिन्यांनी आलेली सीपी/एम-८६ मात्र २४० डॉलरला. निकाल किंमतपत्रिकेनेच लावला. किल्डाल यांची धंद्यातली नजर गेट्स यांच्याइतकी तीक्ष्ण नव्हती, हेही मान्य करायला हवे.

पुढे काय झाले?

ते हात बांधून बसले नाहीत. ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या टीव्ही कार्यक्रमाचे सहसूत्रसंचालन केले. ज्ञानकोश सीडी-रॉमवर आणणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते. त्यांच्या कंपनीची डीआर-डॉस ही मायक्रोसॉफ्टच्या डॉसला टक्कर देत होती. १९९१ मध्ये कंपनी नोव्हेलने घेतली. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरे येथे डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर किल्डाल यांचे निधन झाले. वय होते अवघे ५२.

डीआर-डॉस पुढे कॅल्डेरा या लिनक्स कंपनीकडे गेली. तिने १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, जानेवारी २००० मध्ये तडजोड झाली. किल्डाल यांच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावातील जुन्या कार्यालयाबाहेर २०१४ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संघटनेने, ‘आयईईई’ने, फलक लावला. त्याच वर्षी सीपी/एमचा सुरुवातीचा कोड अभ्यासासाठी खुला झाला. झायलॉगने मूळ झेड८०च्या ऑर्डर घेणे २०२४ मध्ये थांबवले, तरी हौशी मंडळी साठवलेल्या चिप घेऊन घरी संगणक जोडतात. पहिल्यांदा वीज दिल्यावर पडद्यावर ‘ए’ हे अक्षर उमटते का, हे बघतात. ते उमटावे म्हणून आधी त्यांना स्वतःच्या यंत्रापुरता बायोस लिहावा लागतो.