बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मपरीक्षण

पूर्वग्रह हा अज्ञानाचा रोग असून शिक्षण मिळाले की तो आपोआप बरा होतो, असा सुशिक्षितांचा एक सोयीस्कर समज असतो. बेंजामिन फ्रँकलिनचे चरित्र या समजाला छेद देणारे आहे. विजेचे गूढ उकलणारा संशोधक, मुद्रक, पत्रकार, मुत्सद्दी आणि अमेरिकन स्वातंत्र्याच्या शिल्पकारांपैकी एक म्हणून जग त्याला ओळखते. परंतु हाच बुद्धिमान पुरुष अनेक वर्षे गुलामांचा धनी होता आणि काळ्या वर्णाची माणसे स्वभावतःच कमी प्रतीची असतात, असे दीर्घकाळ मानीत होता.

फ्रँकलिन १७०६ साली बोस्टन येथे साबण व मेणबत्त्या बनविणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्मला. थोरल्या भावाच्या छापखान्यात तो कराराने बांधलेला उमेदवार होता. भावाचा जाच सोसवेना, तेव्हा १७२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, करार मोडून तो पळाला आणि फिलाडेल्फियास पोचला. १७२९ मध्ये त्याने ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ हे पत्र विकत घेतले. ज्याने स्वतः पळून जाऊन आपले आयुष्य घडविले, त्याच्याच पत्रात पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जाऊ लागल्या. क्वेकर पंथीयांच्या गुलामगिरीविरोधी पुस्तिकाही त्याने छापल्या. पण त्यांवर मुद्रक म्हणून आपले नाव घातले नाही.

लोकसंख्यावाढीविषयी १७५१ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्याने गुलामगिरीचा हिशेब मांडला. गुलामाची किंमत, तिच्यावरील व्याज, त्याचे आजारपण, देखरेखीचा खर्च हे सारे धरता गुलामाचे श्रम इंग्लंडमधील मजुराच्या श्रमापेक्षा स्वस्त पडत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु त्याच निबंधात, जवळजवळ प्रत्येक गुलाम स्वभावतःच चोर असतो, असेही त्याने लिहून टाकले. पैशाच्या बाबतीत त्याची तर्कबुद्धी जागी होती. माणसाच्या बाबतीत ती निजली होती.

ती जागी झाली एका शाळेत. लंडनच्या ब्रे असोसिएट्स या धर्मादाय संस्थेने फ्रँकलिनच्याच शिफारशीवरून १७५८ मध्ये फिलाडेल्फियात काळ्या मुलांसाठी शाळा काढली होती. १७६३ मध्ये तो स्वतः ती पाहावयास गेला. मुले वाचून दाखवीत होती, धर्मपाठातील प्रश्नांची उत्तरे देत होती. त्यांची ग्रहणशक्ती, स्मरणशक्ती आणि शिकण्याची तयारी गोऱ्या मुलांच्या तोडीचीच आहे, असे त्याने त्या वर्षीच्या डिसेंबरात संस्थेला कळविले. आपल्या साऱ्या पूर्वग्रहांचे समर्थन आपण करू जाणार नाही आणि त्यांची कारणेही देत बसणार नाही, अशी कबुलीही त्याने त्याच पत्रात दिली. प्रयोगशाळेत जो नियम तो पाळीत आला होता, तोच त्याने येथे स्वतःला लावला. मताविरुद्ध पुरावा समोर आला, तेव्हा त्याने पुरावा झाकला नाही, मत बदलले. १७६९ मध्ये तो जुना निबंध पुन्हा छापताना त्याने चोरीचे कारण गुलामाच्या स्वभावात न ठेवता गुलामगिरीच्या स्वरूपात दाखविले. दुरुस्ती मोजक्या शब्दांची. पण तिने माणसाच्या रक्तावर लादलेला दोष व्यवस्थेच्या पदरात टाकला.

कथा येथे संपती, तर ती बोधकथा झाली असती. वसाहतींच्या हक्कांसाठी फ्रँकलिन लंडनमध्ये झगडत असताना, स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारे अमेरिकन स्वतः गुलाम बाळगतात, असा टोला त्यांना इंग्रजांकडून मिळत असे. १७७० मध्ये या टोल्याला उत्तर म्हणून लिहिलेल्या एका संवादात त्याने अमेरिकनाच्या तोंडी, बहुसंख्य काळे लोक कपटी, सूडबुद्धीचे व क्रूर असतात, असे शब्द घातले. शाळेत डोळ्यांनी पाहिलेले सात वर्षांत विसरण्याजोगे नव्हते. पण स्वतःची बाजू अडचणीत येताच जुना पूर्वग्रह वकील म्हणून हजर झाला.

१७८७ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, तो पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरी-निर्मूलन संस्थेचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षीच्या घटना परिषदेत मात्र, समेट मोडू नये म्हणून, त्याने हा प्रश्न लावून धरला नाही. गुलामांच्या आयातीस १८०८ पर्यंत अभय मिळाले. ही उणीव त्याने अखेरच्या दिवसांत भरून काढू पाहिली. मुक्त झालेल्यांना शिक्षण व रोजगार देण्याची योजना संस्थेने १७८९ मध्ये त्याच्या सहीने जाहीर केली. गुलामगिरी संपवावी, असा त्याच्या सहीचा अर्ज फेब्रुवारी १७९० मध्ये काँग्रेसपुढे गेला. प्रतिनिधिगृहाने आपणांस तो अधिकार नाही, असे ठरविले. जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सन या प्रतिनिधीने गुलामगिरीची तरफदारी केली, तेव्हा फ्रँकलिनने मार्चमध्ये एक उपरोधिका लिहिली. तीत अल्जीयर्सचा एक कल्पित अधिकारी गोऱ्या ख्रिश्चनांना गुलाम करण्याचे समर्थन जॅक्सनच्याच युक्तिवादाने करतो. त्यानंतर महिनाभरातच, १७ एप्रिल १७९० रोजी, तो निवर्तला. जावयाने आपल्या बॉब नावाच्या गुलामाला मुक्त करावे, या अटीवर त्याचे कर्ज माफ करण्याची तरतूद मृत्युपत्रात होती. देशातील गुलामगिरी मात्र १८६५ मध्येच कायद्याने संपली.

फ्रँकलिनचे मोठेपण तो पूर्वग्रहमुक्त होता यात नाही; तसा तो नव्हताच. ज्यांच्याविषयी मत बनविले होते त्यांना तो प्रत्यक्ष जाऊन भेटला, दिसले ते मान्य केले आणि जे छापून चुकला होता ते छापूनच सुधारले, यात ते आहे. बुद्धी त्याच्यापाशी १७५१ मध्येही होती. तिचा प्रकाश स्वतःवर पाडण्याचे धैर्य त्याला मागाहून आले, आणि स्वार्थ आड येताच तेही एकदा डळमळले. म्हणूनच आत्मपरीक्षण एकदा करून भागत नाही. जेथे आपला लाभ किंवा अभिमान गुंतलेला असेल, तेथे ते पुन्हा पुन्हा करावे लागते.