जाक-आर्सेन दार्सोंव्हाल
जाक-आर्सेन दार्सोंव्हाल (८ जून, १८५१ - ३१ डिसेंबर, १९४०) हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ, वैद्य व भौतिकशास्त्रज्ञ होते. ला पोर्शरी येथे जन्मलेले दार्सोंव्हाल पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांचे सहायक होते व १८९४ साली कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. मार्सेल देप्रे यांच्यासह १८८२ साली बनविलेल्या गॅल्व्हानोमीटरमुळे त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आले. मात्र त्यांचा अधिक दूरगामी प्रयोग १८९६ चा म्हणावा लागेल.

त्यात माणसाचे डोके तारेच्या मोठ्या वेटोळ्यात ठेवून सेकंदास ४२ आवर्तनांचा, सुमारे ३० अँपिअरचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला गेला. डोळे मिटलेले असतानाही प्रकाशाचे लखलखाट दिसत, भोवळ येई. काहींची शुद्धही हरपली. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ऊतींत विद्युत प्रवाह प्रवर्तित होतो, हे फॅरडे यांचे तत्त्व (१८३१) येथे जिवंत शरीरात प्रत्ययास आले.

हे लखलखाट मेंदूतून नव्हे, तर दृष्टिपटलातून उद्भवतात, असे पुढे मानले गेले. परिणाम दिसतो एके ठिकाणी आणि उद्दीपन होते दुसरीकडेच, ही अडचण आजही आहे. अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १८८५ नव्हे, १९८५ साली शेफील्ड येथे कवटीबाहेरून मेंदूचे बाह्यक उद्दीपित करून हाताचे स्नायू हलविले. परंतु वेटोळ्यापासूनच्या अंतरासोबत क्षेत्र झपाट्याने क्षीण होत असल्याने हिप्पोकॅम्पससारख्या खोल भागांपर्यंत साध्या वेटोळ्याचे उद्दीपन थेट पोहोचत नाही. तेथील स्मृतिप्रक्रियेतील बदल बाह्यकाशी जोडलेल्या चेतामार्गांतून घडतात, असे मानतात.

वयाच्या ८९ व्या वर्षी दार्सोंव्हाल यांचे निधन झाले.