सर आदमजी पीरभॉय

सर आदमजी पीरभॉय (मृत्यू : इ.स. १९१३) हे मुंबईतील दाऊदी बोहरा समाजाचे उद्योगपती व दानशूर गृहस्थ होते. ब्रिटिश लष्कराला तंबू पुरवण्याच्या व्यवसायात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. इ.स. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. डिसेंबर १९०७ मध्ये कराची येथे भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

==नेरळ-माथेरान रेल्वे==
पूर्वी नेरळहून माथेरानला घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी चढून जावे लागे. आदमजींचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी या डोंगरात लोहमार्ग बांधण्याचे काम अंगावर घेतले. त्यासाठी लागलेले सुमारे १६ लाख रुपये सरकारी तिजोरीतून नव्हे, तर आदमजींच्या खासगी भांडवलातून उभे राहिले. दोन फूट रुंदीचा, तीव्र वळणांनी चढत जाणारा हा सुमारे २० किलोमीटरांचा मार्ग २२ मार्च १९०७ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्यावर जर्मन बनावटीची वाफेची इंजिने धावत. पुढे त्यांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली. मूळ इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केले आहे. माथेरानमध्ये खासगी मोटारींना आजही प्रवेश नाही. त्यामुळे पिता-पुत्रांनी उभारलेल्या या रेल्वेचे महत्त्व टिकून आहे.