डॉ. डेव्हिड कार्नोफस्की : रुग्णाच्या उरलेल्या बळाची मोजणी

हिंदमाताकडून डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर आलो, की १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय लागते. त्याच्या दारी कोणी स्वतः चालत येतो, कोणी मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन, तर कोणी चाकाच्या खुर्चीत. कर्करुग्णाला डॉक्टर अगदी घरगुती प्रश्न विचारतात: आंघोळ स्वतः करता का, कामावर जाता का, दिवसाचा किती वेळ अंथरुणात जातो? या प्रश्नांना मोजमापाचे रूप देणाऱ्या डॉ. कार्नोफस्की यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९१४ चा, कर्मभूमी न्यूयॉर्कमधील मेमोरियल रुग्णालय. दुसऱ्या महायुद्धानंतर, मस्टर्ड या विषारी वायूच्या कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे औषध कर्करोगावर वापरून पाहिले जात होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने खंगलेल्या रुग्णांना कार्नोफस्की व त्यांचे सहकारी ते देत. गाठ लहान झाली, पण रुग्ण अंथरुणातून उठलाच नाही, तर त्याच्या पदरी काय पडले? या विचारातून १९४८ च्या सुमारास त्यांची श्रेणी आकाराला आली. तक्रारविरहित, सर्व व्यवहार करणारा माणूस १००. स्वतःचे सारे करणारा, परंतु काम न झेपणारा ७०. बरीच मदत आणि वारंवार उपचार लागणारा ५०. मृत्यू म्हणजे शून्य.

हा आकडा आजही महत्त्वाचा ठरतो. तो फार खाली असेल, तर जहाल औषध रुग्णाला सोसेल का, याचा डॉक्टरांना पुन्हा विचार करावा लागतो. म्हणूनच उत्तर खरे द्यावे, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे पुष्कळदा रुग्णाआधी नातेवाईकच बोलून मोकळे होतात! शिवाय लालबागच्या चाळीत तिसरा मजला चढणे आणि सामाईक शौचालयापर्यंत जाणे हेही स्वतःचे करण्यातच मोडते. ते डॉक्टरांना सांगितल्यावाचून कळणार कसे?

पुढे याच कामासाठी मोजक्या पायऱ्यांची सोपी श्रेणीही आली. तरी कार्नोफस्कींची श्रेणी मागे पडली नाही.

ज्या फुप्फुसाच्या कर्करोगावर त्यांनी औषधे तपासली, त्याच रोगाने १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांची संघटना १९७० पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देते.