दोन दिवसांच्या बाळाची साक्ष

१९७२ साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला आणि अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव आमच्या वस्त्यावस्त्यांत पोहोचले. त्या ब्लॅक पँथरला पैसे दिले म्हणून एका गोऱ्या नटीच्या मागे तिचेच सरकार हात धुऊन लागले होते, ही हकिकत मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाही. तिचे नाव जीन सीबर्ग.

जन्म १३ नोव्हेंबर १९३८, आयोवा राज्यातील मार्शलटाउन या लहान शहरातला. वडील औषध विक्रेते. चौदाव्या वर्षी ही मुलगी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेची सभासद झाली. १९५६ साली दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर याने सुमारे १८ हजार मुलींतून तिची ‘सेंट जोन’साठी निवड केली. जोनला जिवंत जाळण्याच्या प्रसंगाचे चित्रण चालू असताना ती खरोखरच भाजली. १९५७ साली चित्रपट आला तेव्हा समीक्षकांनी उरलेसुरले भाजून काढले. पोरगी १८ वर्षांची, पण दयामाया कोणी दाखवली नाही. पुढे फ्रान्सने तिला जवळ केले. गोदारच्या ‘ब्रेथलेस’मुळे १९६० साली ती जगभर गाजली. १९६२ साली तिने कादंबरीकार रोमँ गॅरी याच्याशी लग्न केले.

मोठेपण आल्यावर माणसे जुनी बांधिलकी विसरतात, याचे दाखले आम्हाला बाहेर शोधावे लागत नाहीत. जीन विसरली नाही. तिने ब्लॅक पँथरला हजारो डॉलर दिले. एफबीआयने तिच्यावर पाळत ठेवली. १९७० साली ती गरोदर आहे हे कळताच लॉस एंजेलिसच्या कार्यालयाने मुख्यालयाकडे परवानगी मागितली, की हे मूल पँथरच्या एका नेत्याचे आहे अशी बातमी पसरवावी, म्हणजे लोकांच्या नजरेत तिची किंमत उतरेल. संचालक हूव्हरच्या कार्यालयाने मंजुरी दिली; आणखी दोनेक महिने थांबा, पोट दिसू लागेल, एवढी सूचना तेवढी केली. बाईच्या पोटाचा हिशेब सरकारी कागदावर! पण तेवढेही थांबणे झाले नाही. १९ मे १९७० रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या एका सदरात नाव न घेता मजकूर आला. ओळखणाऱ्यांनी ओळखले. ऑगस्टमध्ये ‘न्यूजवीक’ने नावच छापले.

२३ ऑगस्टला जीन अकाली बाळंत झाली. मुलगी दोन दिवसांत गेली. गॅरीने मूल आपले असल्याचे जाहीरपणे सांगितले होते, ऐकतो कोण? आईने ते इवले प्रेत मार्शलटाउनला नेले आणि शवपेटी उघडी ठेवली, गावाने कातडीचा रंग डोळ्यांनी पाहावा म्हणून.

इथे आम्हाला थांबावेसे वाटते. बाळ काळे असते तर? तर कोणता गुन्हा घडला असता? एफबीआयने फक्त अफवा पेरली; तिला खतपाणी घालणारी जमीन वाचकांच्या मनात आधीच नांगरलेली होती. काळ्या बापाचे मूल म्हणजे कलंक, असे वाचणाऱ्याला वाटत नसते तर ती बातमी बातमीच झाली नसती. आणि वर्णभेदाविरुद्ध उभे आयुष्य काढलेल्या बाईला आपल्या मेलेल्या लेकीचे निर्दोषत्व वर्णभेदाच्याच फूटपट्टीने सिद्ध करावे लागले.

ही फूटपट्टी आपल्या कायद्यातही आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ च्या चौथ्या स्पष्टीकरणात, इतरांच्या नजरेत माणसाची त्याच्या जातीसंदर्भात किंमत उतरवणे हीसुद्धा अब्रूची हानी मानली आहे. २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही ती जात कायम आहे. इतरांच्या नजरेत, हे शब्द आम्ही कोर्टात किती वेळा वाचले असतील. ती नजर कोणाची, हे विचारले नाही.

आणि नजर आमचीही होती. आमच्या तालुक्यात भीमगीते गाणारी एक बाई होती, जयंतीला तिच्याशिवाय मंच सजत नसे. ती कोणाबरोबर दिसली, यावर चहाच्या टपरीवर चर्चा झडू लागल्या. आम्हीही त्या टोळक्यात होतो, आणि हसलो होतो. पुढे तिने गाणे सोडले. त्या अफवेला कुठल्याही हूव्हरची गरज पडली नाही.

जीन आणि गॅरी यांनी ‘न्यूजवीक’वर दावा लावला. मागणी दोन लाख डॉलरची होती. पॅरिसच्या न्यायालयाने १०,८०० डॉलर देवविले आणि निकाल छापण्याचा हुकूम केला. अफवेचा कट करणारे त्या पिंजऱ्यात नव्हतेच. जीन सावरली नाही. लेकीच्या मृत्यूच्या तिथीला ती दरवर्षी जीव देण्याचा प्रयत्न करी, असे गॅरीने पुढे सांगितले. ३० ऑगस्ट १९७९ रोजी ती पॅरिसच्या घरातून नाहीशी झाली. ८ सप्टेंबरला तिच्या मोटारीत तिचा मृतदेह सापडला. वय ४०. पोलिसांनी आत्महत्येची शक्यता नोंदवली.

सहा दिवसांनी, १४ सप्टेंबरला, एफबीआयने आपला कट कबूल केला. हूव्हर १९७२ सालीच मेला होता. शिक्षा कोणालाही झाली नाही. जीन पॅरिसच्या मोंपारनास दफनभूमीत आहे. लेक मार्शलटाउनला. तिचे नाव नीना ठेवले होते.