नेविल डिसोझा : मेलबर्नच्या तीन गोलांचे मानकरी



थोर व्यक्तींचा परिचय करून देताना आपण बहुधा संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ आणि साहित्यिक यांची नावे घेतो. ते योग्यच आहे. परंतु या अंकासाठी आम्ही मुद्दाम एका फुटबॉलपटूची निवड केली आहे. त्यांचे नाव नेविल स्टीफन डिसोझा. ऑलिंपिकच्या फुटबॉल सामन्यात हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. आपल्या शाळेतील किती मुलांना हे नाव ठाऊक आहे, याचा विचार केला तर उत्तर फारसे समाधानकारक येणार नाही. म्हणूनच हा लेख.

प्रथम हॅटट्रिक या शब्दाविषयी थोडेसे. मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषांत आपण हाच शब्द वापरतो. मूळ शब्द क्रिकेटचा आहे. १८५८ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे स्टीफन्सन नावाच्या गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. प्रेक्षकांनी वर्गणी काढून त्याला एक हॅट भेट दिली, असे सांगतात. पुढे हा शब्द फुटबॉलमध्ये आला आणि एकाच खेळाडूने एकाच सामन्यात तीन गोल केले की त्याला हॅटट्रिक म्हणू लागले. देशादेशांच्या मोठ्या स्पर्धेत असे तीन गोल करणे फार दुर्मिळ आहे, कारण समोर त्या देशाचे निवडक अकरा खेळाडू उभे असतात.

नेविल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी झाला. त्यांचे घराणे गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या असगावचे. हुबळीहून लोंढ्याच्या वाटेने गोव्याला जाणाऱ्या आपल्या लोकांना हा मुलूख परका नाही. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते आणि ते १९६१ च्या डिसेंबरपर्यंत राहिले. म्हणजे नेविल भारताची जर्सी घालून ऑलिंपिक खेळले, तेव्हा त्यांच्या पूर्वजांचे गाव अजून स्वतंत्र भारतात आलेले नव्हते. गोव्याची असंख्य माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला येत. गावोगावच्या लोकांनी तेथे आपापल्या कुडी उभारल्या होत्या. नेविल यांची फुटबॉलची कारकीर्दही मुंबईतच घडली.

मुंबईत तेव्हा कंपन्यांचे संघ जोरात होते. चांगला खेळाडू दिसला की कंपनी त्याला नोकरी देई आणि तो कंपनीच्या संघातून खेळे. नेविल हे टाटा स्पोर्ट्स क्लबचे खेळाडू. भर पावसात कूपरेजच्या मैदानावर सामने चालत. राज्याराज्यांत होणारी संतोष ट्रॉफी १९५४ साली मुंबईने प्रथमच जिंकली, त्या संघात नेविल होते. आघाडीच्या फळीत खेळायचे, गोलसमोर नेमक्या क्षणी पोहोचायचे आणि मिळालेली संधी वाया घालवायची नाही, हा त्यांचा खेळ.

आता त्यांचे मोठेपण समजण्यासाठी चार वर्षे मागे जाऊ. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये भारताचा सामना युगोस्लाव्हियाशी झाला. आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळले. थंडी होती, मैदान ओले होते. युगोस्लाव्हियाने दहा गोल केले. आपला एकमेव गोल बंगळूरच्या अहमद खान यांनी केला. १०-१ अशा या पराभवाने देशाला फार वाईट वाटले. परंतु या पराभवातून धडा घेतला गेला. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट घालून खेळणे सक्तीचे केले.

संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आम्हा शिक्षकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे रहीमसाहेब मूळचे शाळाशिक्षक होते. हल्ली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटातून (२०२४) त्यांचे नाव मुलांपर्यंत पोहोचले आहे. ते परदेशी संघांचा खेळ बारकाईने पाहत. त्या काळी हंगेरीचा संघ जगात नावाजलेला होता. तो संघ आघाडीच्या एका खेळाडूला थोडे मागे ठेवी. मग प्रतिस्पर्ध्याचा बचाव करणारा खेळाडू त्याच्यामागे पुढे सरके आणि गोलसमोर जागा मोकळी होई. रहीमसाहेबांनी ही युक्ती आपल्या मुलांना शिकवली. मोकळ्या झालेल्या जागेत घुसायला नेविल यांच्यासारखा चपळ खेळाडू हवाच होता.

१९५६ चे ऑलिंपिक ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाले. या वर्षाशी आपल्या गावाचाही संबंध आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला आपला धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्क मैदानावर भारताचा संघ यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. त्या चमूत मुंबईचे नेविल आणि गोलरक्षक एस. एस. नारायण होते, तसेच म्हैसूर राज्याचे केंपय्या होते. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी बंगालचे, तर तुलसीदास बलराम हैदराबादचे. इकडे राज्यांच्या सीमा बदलत होत्या, तिकडे वेगवेगळी भाषा बोलणारे अकरा जण एका रंगाच्या जर्सीत धावत होते.

त्या वर्षी युरोपात हंगेरीमध्ये मोठी उलथापालथ चालली होती. हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेला आलाच नाही, त्यामुळे भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. पहिलाच सामना थेट उपांत्यपूर्व फेरीचा आणि तोही यजमानांच्या घरी, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर.

नवव्या मिनिटाला नेविल यांनी गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी सतराव्या मिनिटाला बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेविल यांनी दुसरा गोल करून पुन्हा आघाडी मिळवून दिली. मध्यंतराच्या थोडे आधी, एकेचाळिसाव्या मिनिटाला मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. अशा वेळी भल्याभल्यांचे अवसान गळते. दोनदा पुढे जावे आणि दोन्ही वेळा समोरच्याने गाठावे! पण मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत, म्हणजे पन्नासाव्या मिनिटाला नेविल यांनी तिसरा गोल केला. हॅटट्रिक पूर्ण झाली. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला भारत हा पहिला आशियाई देश ठरला. नेविल तेव्हा चोवीस वर्षांचे होते.

उपांत्य फेरीत ४ डिसेंबरला समोर आला तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल केले होते. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला, तो भारताचा, आणि करणारे होते नेविल. काही क्षण भारत अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. परंतु दोनच मिनिटांत युगोस्लाव्हियाने बरोबरी केली आणि शेवटी सामना १-४ असा गमावला. त्यानंतर ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३ अशी हार झाली आणि भारत चौथा आला. नेविल यांचे एकूण चार गोल झाले. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तीन खेळाडूंत त्यांचे नाव आहे. बाकीचे दोघे म्हणजे बल्गेरियाचे मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच.

चौथ्या क्रमांकाला पदक नसते. पदक नाही म्हणून मिरवणूक नाही, आणि हळूहळू आठवणही राहत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात नेविल नव्हते. त्यानंतर तर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्रच ठरलेला नाही. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पुरस्कार मेलबर्नच्याच संघातील पी. के. बॅनर्जी यांना आणि पुढच्या वर्षीचा बलराम यांना मिळाला. दोघेही त्याला सर्वस्वी पात्र होते. पण नेविल यांचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. १६ मार्च १९८० रोजी वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अलीकडच्या काळात पी. के. बॅनर्जी (२०२०), नारायण (२०२१), बद्रू बॅनर्जी (२०२२) आणि बलराम (२०२३) हेही गेले. मेलबर्नची हकिकत प्रत्यक्ष सांगणारी माणसे अशी एकेक करून कमी झाली.

जगातही असे घडते. विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक १९३० साली अमेरिकेच्या बर्ट पेटनॉड यांनी पॅराग्वेविरुद्ध केली. पण त्यातील एका गोलाच्या नोंदीत घोळ होता, म्हणून हा मान कित्येक वर्षे अर्जेंटिनाच्या स्टाबिले यांच्या नावावर राहिला. जागतिक फुटबॉल संघटनेने २००६ साली चूक दुरुस्त केली, तेव्हा पेटनॉड यांना जाऊन बत्तीस वर्षे झाली होती. १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या कामामोटो यांनी नायजेरियाविरुद्ध हॅटट्रिक केली. त्यांच्या संघाने ब्राँझपदक जिंकले, म्हणून ते नाव जपानमध्ये घरोघरी पोहोचले. आपल्याकडे सुनील छेत्री यांनी २००८ साली दिल्लीत ताजिकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात तीन गोल केले आणि भारत २०११ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरला. त्यांनीच २०२३ च्या जूनमध्ये आपल्या बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक केली, ती तुमच्यापैकी अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिली असेल. आणि २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या एम्बापे यांनी तीन गोल करूनही चषक अर्जेंटिनाने नेला.

मुलांनो, यातून आम्हाला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी की, हॅटट्रिक एकाच्या नावावर लागते, पण ती एकट्याची नसते. नेविल यांचे तीन गोल होण्यासाठी कोणी तरी चेंडू बाजूने आणून दिला, कोणी तरी प्रतिस्पर्ध्याला ओढून जागा मोकळी केली, कोणी तरी मागे आपले गोलद्वार राखले आणि एका शिक्षकाने हे सारे आधी फळ्यावर मांडून शिकवले. आंतरशालेय सामन्यात आपल्या संघातील प्रत्येकाला गोल स्वतः मारायचा असतो. चेंडू देणाऱ्याची टाळीही गोल मारणाऱ्याइतकीच वाजली पाहिजे.

दुसरी गोष्ट पालकांना आणि विश्वस्तांना. पदक मिळाले तरच खेळाला अर्थ, अशी समजूत आपल्या घराघरात आहे. म्हणूनच दहावीचे वर्ष आले की खेळाचा तास बंद करून त्या जागी गणिताचा तास घ्यावा, अशी मागणी येते. त्यामागची पालकांची काळजी आम्ही जाणतो. एस.एस.एल.सी.च्या गुणांवर पुढचा प्रवेश अवलंबून असतो, हेही खरे. परंतु १०-१ ने हरलेला संघ चार वर्षांनी त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक गोलाने पुढे गेला, ही गोष्ट फक्त वाचून मुलांच्या अंगी उतरत नाही. हरणे, पुन्हा उभे राहणे, दोनदा बरोबरी होऊनही तिसऱ्यांदा धावणे, हे मैदानावरच शिकावे लागते. पुढे नोकरीत, व्यापारात आणि संसारात गणिताइतकाच त्याचाही उपयोग होतो. म्हणून यंदा दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास आम्ही वेळापत्रकातून काढलेला नाही. नव्या वर्गखोल्यांची गरज आहे हे मान्य करूनही मैदानाची जागा मोकळी ठेवावी, अशी विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती आहे.

येत्या १ डिसेंबरला प्रार्थनेनंतर आठवी ते दहावीच्या वर्गांचा फुटबॉल सामना ठेवला आहे. त्यात सर्वाधिक गोल करणाऱ्याबरोबर, गोलसाठी सर्वाधिक चेंडू पुरवणाऱ्या खेळाडूलाही पुस्तक भेट देण्यात येईल. पालकांनी वेळ काढून अवश्य यावे. मुलांनी नेविल डिसोझा हे नाव घरी आजी-आजोबांना सांगावे आणि ते कोण होते, हे विचारल्यास सविस्तर सांगता येईल एवढी तयारी ठेवावी.

— मुख्याध्यापक