सिप्लाचे डॉ. हमीद आणि मावशीच्या फ्रिजवरचा डबा

विरार पूर्वेला फुलपाड्यात माझी मावशी राहते. तिच्या फ्रिजवर एक स्टीलचा डबा असतो. त्यात माझ्या मावसभावाच्या कॅप्सूल. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि रोज तीन वेळा ह्या कॅप्सूल घ्यायच्या. गेल्या दिवाळीत मी सहज एक स्ट्रिप उलटून पाहिली. औषध डेफेरिप्रोन, कंपनी सिप्ला. सिप्ला म्हणजे दम्याचा पंप, एवढीच माझी माहिती. ही कंपनी काढली कोणी, हे मग मी शोधत बसले.

ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढला झाला. शिक्षण अलाहाबादला, विषय केमिस्ट्री. असहकार चळवळ आली, सरकारी शिक्षणाविरुद्ध ते उभे राहिले आणि कॉलेज सुटलं. (आपली टर्म अटेंडन्समुळे जाते, त्यांचं कॉलेज देशापायी गेलं!) पुढे शिक्षणासाठी इंग्लंडला निघाले, पण वाटेत बोट बदलून थेट जर्मनी गाठली. रंग असोत की औषधं, केमिस्ट्रीत तेव्हा जर्मनीच पुढे होती. बर्लिनला त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तिथेच लिथुआनियातल्या ज्यू घरातली लुबा त्यांना भेटली आणि १९२८ साली दोघांनी लग्न केलं. अलीगढचा मुसलमान मुलगा आणि ज्यू मुलगी, तेही त्या काळात. घरी काय झालं असेल, कोण जाणे!

मायदेशी परतल्यावर त्यांना दिसलं की आपल्या बाजारातली चांगली औषधं बहुतेक बोटीनेच येतात. १९३५ साली मुंबईत त्यांनी केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज नावाची कंपनी काढली. तीच सिप्ला. पहिली औषधं १९३७ साली बाहेर पडली. ४ जुलै १९३९ ला गांधीजी कारखाना बघून गेले. दोनच महिन्यांत महायुद्ध पेटलं, परदेशी माल यायचा बंद झाला आणि औषध आपल्याकडे बनणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. सीएसआयआरच्या उभारणीतही हमीदांचा वाटा होता. फाळणीला त्यांचा विरोध होता. ते मुंबईतच राहिले, शहराचे शेरीफही झाले.

आता आपल्या कामाची गोष्ट, पेटंट. इंग्रजांच्या वेळच्या १९११ च्या कायद्याने औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळायचं. दुसऱ्या रीतीने बनवलं तरी चालत नसे. १९७० च्या नव्या कायद्याने औषधांच्या बाबतीत फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवलं. हा कायदा २० एप्रिल १९७२ ला लागू झाला आणि २३ जूनला हमीद गेले. बदललेले दिवस त्यांना जेमतेम दोन महिने बघायला मिळाले. कारखाना मुलगा युसुफ यांच्याकडे आला. ते केंब्रिजहून केमिस्ट्रीची डॉक्टरेट घेऊन १९६० पासूनच तिथे होते.

तर, ह्या सगळ्यात लोह कुठे आलं?

माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. रोज फार तर एक-दोन मिलिग्रॅम बाहेर पडतं, जास्तीचं काढून टाकायची सोयच नाही. रक्ताच्या एका बाटलीतून मात्र २०० ते २५० मिलिग्रॅम आत येतं. माझ्या भावाच्या बाटल्या मोजा म्हणजे कळेल. हे लोह लिव्हरमध्ये आणि हृदयात साचतं. नुसतं रक्त मिळालेली मुलं पूर्वी विशीच्या आसपास हृदय बंद पडून जायची. उपाय म्हणजे चिलेशन. फर्स्ट इयरला पाण्याचा कठीणपणा काढताना आपण ईडीटीए टाकतो ना, तसंच. खेकड्याने नांगीत धरावं तसा रेणू धातूला धरतो आणि बाहेर नेतो. शब्दसुद्धा नांगीच्या ग्रीक नावावरूनच आलाय.

पहिलं चांगलं औषध डेस्फेरिओक्सामाइन, १९६० च्या दशकातलं. पण ते पोटातून शोषलं जात नाही. कातडीखाली सुई आणि पंप लावून रात्रीचे आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. लहान मुलाला हे करून बघा! शिवाय खर्च. आपल्याकडच्या किती घरांना ते परवडणार? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये एक साधा, छोटा रेणू तयार झाला, तोंडाने घेता येणारा. त्याचे तीन रेणू मिळून लोहाचा एक अणू पकडतात. तोच डेफेरिप्रोन. मुंबईतल्या डॉक्टरांनी थॅलेसेमियाच्या पेशंटना तो देऊन बघितला, त्याचे निष्कर्ष १९९२ साली छापून आले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर सिप्लाने तो भारतात विकायला काढला. सगळ्या जगात पहिल्यांदा, आपल्याकडे. युरोपात १९९९ साली परवानगी मिळाली, अमेरिकेत २०११ साली.

हे मी रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, मग ह्यात हमीदांनी केलं काय? रेणू साहेबाचा, विकला मुलाने. प्रश्न बरोबर आहे. त्यांनी ह्या औषधाचं नावही ऐकलं नव्हतं. पण रेणू जर्नलमध्ये छापून आला म्हणून फुलपाड्यात पोचत नाही. तो बनवायला इथे केमिस्ट लागतात, रिअॅक्टर लागतात, आणि आधी कोणीतरी हे इथे होईल असं धरून चालावं लागतं. ते १९३५ सालीच झालं होतं.

एक मात्र कबूल करायला हवं. सगळ्यांच्या आधी बाजारात आणण्यात धोकाही होता. ह्या औषधाने काहींच्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. ताप आला की कॅप्सूल बंद आणि आधी डॉक्टर. परदेशात ह्यावरून बरेच वाद झाले. आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच लघवी लालसर झाली आणि मावशी घाबरली. डॉक्टर हसले. ते लोहच बाहेर पडत होतं.

भाऊ यंदा दहावीला आहे. सुई टोचायचा त्याला अजून कंटाळा आहे, कॅप्सूलचं काही वाटत नाही. दुपारची तो शाळेतच घेतो, कंपासपेटीतून काढून.